दाबाची दिशा

१८५६ साली ग्लासगो विद्यापीठातले एकतीस वर्षांचे प्राध्यापक विल्यम थॉमसन यांनी दोन तारा घेतल्या, एक लोखंडाची आणि एक तांब्याची. दोन्ही सारख्याच ताणायच्या आणि त्यांचा विद्युतरोध एकमेकांशी ताडून पाहायचा, एवढाच प्रयोग. तार ताणली की ती लांब होते आणि बारीकही होते. लांब, बारीक तारेतून वीज जाताना अडखळणार, हे कुणालाही सुचेल. पण कारण एवढंच असतं, तर सारख्या ताणाला दोन्ही तारांचा रोध जवळपास सारखाच वाढायला हवा होता. लोखंडाचा जास्त वाढला. म्हणजे ताण तारेच्या आकाराखेरीज आणखी कशाला तरी हात घालत होता. हे ‘आणखी काही’ नेमकं काय, ते सांगायला थॉमसन यांच्यापाशी काही साधन नव्हतं. इलेक्ट्रॉनचा शोध अजून ४१ वर्षं लांब होता.

पुढे हेच थॉमसन लॉर्ड केल्विन झाले आणि तापमानाच्या एककाला त्यांचं नाव मिळालं. त्यांचा हा प्रयोग मात्र मोठ्या कीर्तीच्या सावलीत राहिला. आज जगभरच्या प्रयोगशाळांत मिलिमीटरभर लांबीचे स्फटिक दाबून, ताणून, वाकवून त्यांचे विद्युतगुण बदलले जातात. विजेला अडवणारा पदार्थ वीज वाहू लागतो, चुंबक जवळ नसताना इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात सापडल्यासारखे वागतात, विद्युतरोध पूर्ण नाहीसा होण्याचं, म्हणजे अतिसंवाहकतेचं, तापमान दुपटीने वाढतं. या साऱ्याची वंशावळ त्या दोन तारांपर्यंत जाते. आणि ही १७० वर्षांची हकीकत सलग वाचली की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. माणसं किती दाबायचं याचा विचार करत राहिली, पण खरी उत्तरं मिळाली ती कोणत्या बाजूने दाबायचं, या प्रश्नाला.

पाण्याची टाकी आणि चिकटवलेली तार

थॉमसन यांचं निरीक्षण ऐंशी वर्षं फारसं कुणाच्या उपयोगी पडलं नाही. ते कामाला लावलं अभियंत्यांनी, आणि तेही एकाच वर्षी अमेरिकेच्या दोन टोकांना. १९३८ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, आर्थर रूज हे भूकंपात उंच पाण्याच्या टाक्यांवर किती ताण येतो याचा अभ्यास करत होते. त्यांच्या टाकीच्या प्रतिकृतीची भिंत इतकी पातळ होती, की ताण मोजायचं त्या काळचं कोणतंही उपकरण तिच्यावर बसवलं तर भिंतीचं वागणंच बदललं असतं. रूज यांनी एक बारीक तार भिंतीला चिकटवून टाकली. भिंत ताणली की तारही ताणली जाणार, तिचा रोध वाढणार, आणि रोध मोजणं सोपं. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेकमध्ये एडवर्ड सिमन्स या तरुण विद्युत अभियंत्याला आघाताचं बल मोजताना हीच युक्ती सुचली. दोघांना एकमेकांची काहीच खबर नव्हती.

एमआयटीच्या पेटंट समितीला या शोधातून व्यापारी फायदा होईल असं काही वाटलं नाही, म्हणून तिने हक्क रूज यांनाच देऊन टाकले. सिमन्स यांना मात्र आपल्या हक्कासाठी कॅल्टेकशी कोर्टात लढावं लागलं, आणि ते जिंकले. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरं घेऊन एसआर-४ या नावाने ही तार चिकटवायच्या पट्टीच्या रूपात बाजारात आली. विमानाचे पंख, पूल, धान्य तोलणारे काटे, सगळीकडे ती चिकटवली गेली. आजही अभियंते तिला स्ट्रेन गेज म्हणतात. या गोष्टीत ती पुन्हा एकदा भेटणार आहे, पण अगदी वेगळ्या कामासाठी.

धातूच्या अशा पट्टीत एक टक्का ताणाला रोध साधारण दोन टक्के वाढतो. यातला बहुतेक भाग तार लांब आणि बारीक होण्याचाच. थॉमसन यांना जाणवलेलं ‘आणखी काही’ धातूत फार थोडं असतं. ते ठळकपणे पाहायचं तर धातू सोडून दुसरीकडे वळायला हवं होतं, नाहीतर ताकद खूप वाढवायला हवी होती.

चहूबाजूंनी

ताकद वाढवण्याचं काम हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांनी आयुष्यभर केलं. १९०५ च्या सुमारास त्यांनी दाब निर्माण करायला सुरुवात केली, तेव्हा अडचण असायची ती गळतीची. दाब वाढला की सांध्यांतून द्रव बाहेर यायचा. ब्रिजमन यांनी असा सांधा रचला, की आतला दाब जितका वाढेल तितका तो अधिक घट्ट बसेल. त्यानंतर मर्यादा उरली ती फक्त पोलादाच्या मजबुतीची. त्यांनी एक लाख वातावरणांइतका दाब गाठला आणि एकामागून एक मूलद्रव्यांचा रोध मोजत गेले. १९१४ मध्ये पांढरा फॉस्फरस दाबाखाली तापवताना त्यांच्या हाती काळा फॉस्फरस आला. तो चमकदार, थरांचा आणि वीज वाहणारा होता. शंभर वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याचेच अतिपातळ थर सोलून ट्रान्झिस्टर बनवले गेले. १९४६ चं नोबेल पारितोषिक ब्रिजमन यांना या दाबविज्ञानासाठी मिळालं.

पुढचं पाऊल टाकलं गेलं ते तस्करीतल्या हिऱ्यांवर. १९५८ च्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत चार्ल्स वेअर, अ‍ॅल्विन व्हॅन व्हाल्केनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना धरून दाबण्याचं उपकरण, म्हणजे हिऱ्यांची ऐरण, तयार केलं. हिरे सरकारने तस्करांकडून जप्त केलेले होते, त्यामुळे खर्चाचा प्रश्न आला नाही. हिरा कठीण असतो आणि पारदर्शकही. म्हणून दाबल्या जाणाऱ्या पदार्थात काय होतंय ते आता डोळ्यांनी पाहता येऊ लागलं.

डोळ्यांनी पाहण्यासारखं नाट्य १९७० मध्ये बेल लॅब्जमध्ये घडलं. त्याच्या केंद्रस्थानी होते ए. जयरामन. बेंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत त्यांच्या हाताखाली तयार झालेले हे भौतिकशास्त्रज्ञ अमेरिकेत दाबविज्ञानाकडे वळले होते. व्यंकटेश नारायणमूर्ती आणि अन्य सहकाऱ्यांबरोबर त्यांनी समेरियम सल्फाइडचा काळा स्फटिक दाबला. सुमारे साडेसहा हजार वातावरणांच्या दाबाला तो एकदम आकसला, त्याचा रंग सोनेरी झाला आणि तो धातूसारखी वीज वाहू लागला. समेरियमच्या अणूंनी एरवी आपल्यापाशी घट्ट धरून ठेवलेले इलेक्ट्रॉन दाबामुळे सोडून दिले होते. हा स्फटिक इतका काठावर उभा असतो, की त्याचा पृष्ठभाग घासला किंवा खरवडला तरी ओरखड्यापुरता सोनेरी होतो. ज्यांचे गुण असे काठावरच्या इलेक्ट्रॉनांच्या परस्परसंबंधांवर ठरतात, त्यांनाच आज क्वांटम पदार्थ म्हणतात.

चहूबाजूंच्या दाबाचं सर्वात मोठं यश म्हणजे १९८७. त्याआधीच्या वर्षी झुरिकजवळ आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्यूलर यांनी लँथॅनम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांच्या संयुगात ३० केल्विनच्या वर अतिसंवाहकता शोधली होती. ह्यूस्टनमध्ये पॉल चू यांनी तोच पदार्थ दाबाखाली ठेवला, आणि अतिसंवाहकता सुरू होण्याचं तापमान ५० केल्विनच्या वर गेलं. एवढी उडी तोवर कोणत्याही अतिसंवाहकाने मारली नव्हती. चू यांनी त्यावरून एक सरळ तर्क लढवला. अणूंना बाहेरून जवळ ढकलण्याऐवजी आतच लहान अणू बसवले तर? लँथॅनमच्या जागी त्याच्याहून लहान यिट्रियम घालून, अलाबामातल्या मॉ-कुएन वू यांच्या गटाबरोबर, १९८७ च्या जानेवारीत ९३ केल्विन गाठले गेले. द्रवरूप नायट्रोजनचं ७७ केल्विन तापमान प्रथमच ओलांडलं गेलं होतं. गंमत अशी, की हाती आलेला पदार्थ जुन्याच रचनेची आकसलेली आवृत्ती नव्हता. त्याची अणुरचना पूर्ण वेगळी निघाली. दाबाने वाट दाखवली, पण ती ज्या गावाला पोचली ते नकाशावर नव्हतंच.

एका बाजूने

चहूबाजूंनी सारखा दाब दिला की स्फटिक लहान होतो, पण त्याची सममिती बहुधा जशीच्या तशी राहते. चौकोनी असेल तर छोटा चौकोनच होतो. एकाच बाजूने दाबलं किंवा ओढलं की सममिती मोडते, आणि मग पदार्थाच्या आत दडलेल्या गोष्टी बाहेर येतात. हे प्रथम स्वच्छ दिसलं ते पुन्हा बेल लॅब्जमध्येच, पण जयरामन यांच्या प्रयोगाच्या सोळा वर्षं आधी.

१९५० मध्ये जॉन बार्डीन आणि विल्यम शॉकली यांनी अर्धसंवाहकाच्या अणुजालातली अंतरं बदलली की इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा किती सरकतात, याचं गणित मांडलं होतं. १९५४ मध्ये क्लीव्हलंडच्या केस इन्स्टिट्यूटमधून बेल लॅब्जमध्ये पाहुणे म्हणून आलेले चार्ल्स स्मिथ यांनी सिलिकॉन आणि जर्मेनियमच्या स्फटिकांना वेगवेगळ्या दिशांनी ताण दिला. रोधातला बदल धातूच्या तारेच्या पन्नास ते शंभर पट निघाला. आणि एका प्रकारच्या सिलिकॉनमध्ये तर तो उलटा होता. ताण दिला की रोध घटायचा.

तारेच्या हिशोबात हे बसत नव्हतं. ते बसलं कॉनियर्स हेरिंग यांच्या सिद्धान्तात. सिलिकॉनमधले मोकळे इलेक्ट्रॉन एकाच ठिकाणी नसतात. घनाच्या तीन अक्षांच्या दोन्ही दिशांना मिळून ऊर्जेचे सहा सारखे खळगे असतात आणि इलेक्ट्रॉन त्यांत समान वाटलेले असतात. नळीने एकमेकांना जोडलेले सहा हौद समजा. सगळे एकदम वर उचलले किंवा खाली नेले तर पाण्याची वाटणी बदलत नाही. म्हणून चहूबाजूंच्या दाबाला सिलिकॉन फारसा प्रतिसाद देत नाही. पण एका अक्षाच्या दिशेने स्फटिक ओढला, की त्या अक्षावरचे दोन हौद उंचावतात आणि पाणी उरलेल्या चौघांत उतरतं. त्या चार खळग्यांतले इलेक्ट्रॉन ओढण्याच्या दिशेने धावताना जास्त हलके असतात. म्हणून वीज अधिक सहज वाहते आणि रोध कमी होतो.

याची परीक्षाही स्मिथ यांच्या आकड्यांतच होती. स्फटिक घनाच्या तिरप्या कर्णाच्या दिशेने ओढला, तर साऱ्या खळग्यांवर सारखाच परिणाम व्हायला हवा आणि रोध जवळपास न बदलता राहायला हवा. सिलिकॉनने तसंच केलं. जर्मेनियममध्ये चित्र बरोबर उलटं दिसलं, कारण तिथे खळगे त्या कर्णांवरच आहेत. इलेक्ट्रॉन कुठल्या खळग्यांत बसले आहेत हे कुणी पाहिलेलं नव्हतं. दिशा बदलून ओढल्यावर स्फटिकाने ते स्वतःच सांगितलं.

यातून सिलिकॉनचे दाबमापक आले, आणि अर्ध्या शतकानंतर आपल्या खिशातली चिपही. सिलिकॉनचे अणू एकमेकांपासून जितके लांब असतात, त्याहून जर्मेनियमचे सुमारे चार टक्के जास्त लांब. म्हणून सिलिकॉन-जर्मेनियमच्या थरावर सिलिकॉनचा पातळ थर वाढवला तर तो ताणला जातो. १९९२ मध्ये स्टॅनफर्डमध्ये वेल्सर, होइट आणि गिबन्स यांनी अशा ताणलेल्या सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर करून इलेक्ट्रॉन जास्त चपळ होतात हे दाखवलं. पण हा ताण पृष्ठभागाच्या दोन्ही दिशांना सारखा होता. ट्रान्झिस्टर दोन जातींचे असतात. एकात इलेक्ट्रॉन वाहतात, दुसऱ्यात त्यांच्या रिकाम्या जागा, म्हणजे होल. इलेक्ट्रॉनांना ताण मानवतो, होलना एकाच दिशेचा दाब. २००३ मध्ये इंटेलने ९० नॅनोमीटर तंत्रात दोघांची सोय वेगवेगळी लावली. होलच्या ट्रान्झिस्टरच्या दोन्ही टोकांना खड्डे खणून त्यांत सिलिकॉन-जर्मेनियम भरलं, म्हणजे मधली वाट दोन्हीकडून चेपली जाते. इलेक्ट्रॉनांच्या ट्रान्झिस्टरवर सिलिकॉन नायट्राइडचं ताणणारं आच्छादन घातलं. होलच्या जातीत प्रवाह २५ टक्के वाढला, इलेक्ट्रॉनांच्या जातीत १० टक्के. तेव्हापासून ताण ही चिपच्या कारखान्यातली रोजची बाब आहे. स्मिथ यांच्या १९५४ च्या लेखाच्या मात्र कल्पनेतही कारखाना नव्हता.

चुंबकाविना चुंबकीय क्षेत्र

२००४ मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफाइटपासून एका अणूच्या जाडीचा थर सुटा केला. २००८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात या ग्राफीनला टोचून, दाबून पाहण्यात आलं, तेव्हा तुटण्यापूर्वी ते सुमारे २५ टक्के ताणलं जाऊ शकतं असं दिसलं. सिलिकॉन एखाद्या टक्क्याला चिपमध्ये एवढा फरक पाडतो, तर इथे केवढं मैदान मोकळं! पण सरळ ओढून ग्राफीन फारसं बधत नाही. विटोर पेरेरा आणि अंतोनियो कास्त्रो नेतो यांच्या गणिताप्रमाणे एकाच दिशेने ओढून त्याला अर्धसंवाहक करायचं तर २० टक्क्यांहून जास्त ताण हवा.

२०१० मध्ये फ्रान्सिस्को गिनेआ, मिखाइल कात्सनेल्सन आणि गाइम यांनी वेगळी वाट सुचवली. ग्राफीन षटकोनी आहे, तर त्याला १२० अंशांच्या अंतरावर तीन दिशांना ओढा, आणि ताण जागोजागी बदलता ठेवा. मग इलेक्ट्रॉनांना हा ताण चुंबकीय क्षेत्रासारखाच भासेल आणि ते गोल गोल फिरू लागतील. त्याच वर्षी बर्कलीत मायकल क्रोमी यांच्या गटाने प्लॅटिनमवर वाढवलेल्या ग्राफीनच्या काही नॅनोमीटरच्या फुग्यांवर सूक्ष्मदर्शकाची सुई नेली. तिथल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात व्हाव्यात तशा सुट्या सुट्या पातळ्यांत विभागलेल्या होत्या, आणि हिशोबाने ते क्षेत्र ३०० टेस्लांहून जास्त भरत होतं. प्रयोगशाळेतलं सर्वात बलवान स्थिर चुंबकीय क्षेत्र तेव्हा ४५ टेस्लांचं होतं. खऱ्या चुंबकाहून एक फरक मात्र आहे. ग्राफीनच्या दोन प्रकारच्या इलेक्ट्रॉनांना हे भासमान क्षेत्र विरुद्ध दिशांनी लागतं. म्हणून फुग्याशेजारी होकायंत्र ठेवलं तर त्याची सुई हलणार नाही.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने २०२२ मध्ये याच कुटुंबातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. ग्राफीनचे दोन दुहेरी थर एकमेकांवर किंचित पिळून ठेवले होते. अशा रचनेत इलेक्ट्रॉनांच्या भूमितीचा एक विशिष्ट गुण तिहेरी सममितीमुळे एरवी नाहीसा होतो. थरांतल्या ताणाने ती सममिती मोडली, आणि चुंबक न लावता फक्त विद्युतमापनातून तो गुण हाती आला.

वीस वर्षांचा समज

गोष्ट आता अतिसंवाहकांकडे परत येते. २००८ मध्ये टोकियोला हिदेओ होसोनो यांनी लोह आणि आर्सेनिक यांच्या संयुगांतली अतिसंवाहकता जाहीर केल्यावर सगळीकडे एकच धांदल उडाली. या पदार्थांच्या एका गटात, थंड करताना एका तापमानाला, चौरस जाळी किंचित आयताकृती होते. पण आयताची लांब बाजू स्फटिकात कुठे उभी तर कुठे आडवी बसते, त्यामुळे एकूण मापनात दोन्हींची सरासरीच येते. २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या जियुन-हाव चू, इअन फिशर आणि सहकाऱ्यांनी स्फटिकाला एका बाजूने हलका दाब देऊन साऱ्या आयतांना एकाच दिशेला वळवलं. बाजूंच्या लांबीतला फरक एक टक्क्याहूनही कमी, पण दोन दिशांच्या विद्युतरोधात फरक दुपटीपर्यंत! एवढा फरक अणूंच्या हलण्याने पडणं शक्य नव्हतं. इलेक्ट्रॉनांनी स्वतःच एक दिशा निवडली होती.

दोन वर्षांनी त्याच गटाने याचा निर्णायक पुरावा दिला. विजेच्या दाबाने लांबी बदलणारा पिझो ठोकळा घेऊन त्याच्या एका अंगाला स्फटिक चिकटवला. विजेचा दाब बदलला की ठोकळा लांबतो, आणि त्याबरोबर स्फटिकही. ताण नेमका किती बसला हे मोजायला ठोकळ्याच्या दुसऱ्या अंगाला चिकटवला होता स्ट्रेन गेज, रूज आणि सिमन्स यांच्या पट्टीचा वारसदार. तापमान उतरत गेलं तसा तेवढ्याच ताणाला स्फटिकाचा प्रतिसाद झपाट्याने वाढत गेला. पदार्थ आतूनच एका दिशेकडे झुकायला उतावीळ होता, ताण फक्त निमित्त.

आणि मग स्ट्रॉन्शियम रुथेनेट. १९९४ मध्ये योशितेरु माएनो आणि सहकाऱ्यांनी त्यात अतिसंवाहकता शोधली. शुद्ध स्फटिकात ती १.५ केल्विनखाली येते, म्हणजे उणे २७१ अंशांहूनही थंडीत. तापमान क्षुल्लक, पण जात दुर्मीळ वाटत होती. बहुतेक अतिसंवाहकांत इलेक्ट्रॉनांच्या जोडीतले दोघे विरुद्ध फिरकीचे असतात. इथे मात्र फिरकी सारख्या दिशेची असावी, असं मॉरिस राइस आणि मानफ्रेड सिग्रिस्ट यांनी १९९५ मध्ये सुचवलं, आणि १९९८ मध्ये क्योटोच्या केंजी इशिदा यांच्या अणुचुंबकीय मापनाने त्याला दुजोरा दिला. अँड्र्यू मॅकेंझी आणि माएनो यांनी २००३ मध्ये लिहिलेला विस्तृत आढावा या विषयाचा आधारग्रंथ बनला.

त्याच मॅकेंझी यांच्याबरोबर, आधी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला आणि नंतर ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेत, क्लिफर्ड हिक्स यांनी एक यंत्र बनवलं. अडचण अशी, की थंड करताना पिझो ठोकळे स्वतःच लांबी बदलतात आणि बिचारा नमुना आधीच चेपला किंवा तुटला जातो. हिक्स यांनी एक ठोकळा मधोमध आणि दोन बाजूंना असे तीन समान ठोकळे अशा रीतीने जोडले, की थंडीमुळे होणारे त्यांचे बदल एकमेकांना खोडून काढतात आणि उरतो तो फक्त मुद्दाम दिलेला ताण. शिवाय एकाच यंत्रात नमुना दाबताही येतो आणि ओढताही. २०१४ मध्ये त्यांनी रुथेनेटची बारीक कांडी दोन्ही टोकांना चिकटवून चौरसाच्या बाजूच्या दिशेने ताणली. दाबा किंवा ओढा, दोन्हींनी अतिसंवाहकतेचं तापमान वाढलं. कर्णाच्या दिशेने ताण दिला तर ते जेमतेम हललं. २०१७ मध्ये सुमारे ०.६ टक्का दाबावर ते ३.४ केल्विनवर पोचलं, दुपटीहून जास्त, आणि दाब आणखी वाढवताच झपाट्याने घसरलं. इलेक्ट्रॉनांच्या एका पट्ट्याची कड नेमकी त्याच जागी ओलांडली जात होती. पण प्रचलित सिद्धान्ताला ताण शून्याजवळ असताना जो तीक्ष्ण बदल अपेक्षित होता, तो मात्र दिसेना.

घाव बसला २०१९ मध्ये. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्टुअर्ट ब्राउन यांच्या प्रयोगशाळेत आंद्रेय पुस्तोगोव्ह आणि सहकारी दाबलेल्या रुथेनेटवर तेच जुनं अणुचुंबकीय मापन करत होते. अतिसंवाहक होताच संकेत घसरला, जो सारख्या फिरकीच्या जोड्यांत घसरायला नको होता. मग त्यांनी दाब न दिलेल्या स्फटिकावर, अतिशय क्षीण स्पंदनं वापरून मापन केलं. तिथेही तीच घसरण. वीस वर्षांपूर्वीच्या मापनात स्पंदनांच्याच उष्णतेने नमुना क्षणभर अतिसंवाहक अवस्थेतून बाहेर पडत होता. क्योटोच्या गटाने पुन्हा मापन करून २०२० मध्ये हे मान्य केलं. ज्या गटाने सिद्धान्ताचा आढावा लिहिला, त्याच्याच घरात तयार झालेल्या यंत्राने तो सिद्धान्त हलवला.

ऐरणीशिवाय

२०२३ मध्ये चीनमधल्या ग्वांगजौच्या सुन यात-सेन विद्यापीठात मेंग वांग यांच्या गटाने लँथॅनम आणि निकेलच्या एका ऑक्साइडला, म्हणजे निकेलेटला, हिऱ्यांच्या ऐरणीत धरून १४ गिगापास्कलच्या, म्हणजे जवळपास एक लाख चाळीस हजार वातावरणांच्या, दाबाखाली नेलं. ८० केल्विनच्या सुमारास अतिसंवाहकता आली. पण हिऱ्यांच्या टोकांमधल्या धुळीएवढ्या नमुन्याची सगळी मापनं करता येत नाहीत. २०२४ च्या अखेरीस स्टॅनफर्डच्या हॅरोल्ड ह्वांग यांच्या गटाने, आणि पाठोपाठ शेनझेनच्या एका गटाने, याच कुटुंबातल्या पदार्थाचे पातळ थर अशा पायावर वाढवले, की पायाची जाळी थराच्या जाळीहून सुमारे दोन टक्के लहान होती. पायाशी जुळवून घेताना थर आपोआप चेपला गेला. ऐरण नाही, बाहेरचा दाब नाही, आणि तरीही ४० केल्विनच्या आसपास अतिसंवाहकतेची सुरुवात दिसली.

इथेच आज वाद रंगला आहे. हिऱ्यांच्या ऐरणीत निकेलेट सगळ्या दिशांनी आकसतं. पायावरचा थर आडव्या दिशांनी आकसतो, पण उभ्या दिशेने उलट वाढतो. उभ्या दिशेला दोन्ही प्रयोग एकमेकांच्या विरुद्ध, तरी दोन्हीकडे अतिसंवाहकता. मग तिला आडवं आकुंचनच हवं असतं, की निकेल आणि ऑक्सिजनमधले वाकलेले बंध सरळ होणं महत्त्वाचं? आणि उभ्या दिशेला वाढ झाल्यामुळेच तापमान ८० ऐवजी ४० वर अडकलं का? पायावर घट्ट बसलेल्या थराला हे विचारता येत नाही, कारण त्याची दिशा एकदाच ठरते.

ह्वांग यांच्याच प्रयोगशाळेने २०१६ मध्ये या अडचणीवर एक उपाय करून ठेवला होता. पाया आणि थर यांच्यामध्ये पाण्यात विरघळणारा ऑक्साइड घालायचा, मग तो विरघळवून थर मोकळा करायचा. असा एक मँगनीजचा ऑक्साइड प्लास्टिकच्या पत्र्यावर चिकटवून त्यांनी २०२० मध्ये एकाच दिशेने आठ टक्क्यांहून जास्त ताणला. एवढ्या ताणाला जाड स्फटिकाचे तुकडेच झाले असते. निकेलेटचे थर असे मोकळे करून अतिसंवाहक अवस्थेत टिकवता आले, तर ते एका दिशेने ओढून, दुसऱ्या दिशेने दाबून, दिशा बदलून पाहता येतील. खोलीच्या तापमानाला अतिसंवाहक होणारा पदार्थ शोधायचा, तर आवर्तसारणीतली मूलद्रव्यं उलटसुलट मिसळत बसण्याइतकंच हे कामही मोलाचं आहे. मिश्रण एकदा भट्टीतून निघालं की ते बदलत नाही. ताण मात्र एकाच स्फटिकावर, त्याच सकाळी, दिशा बदलून पुन्हा देता येतो, आणि चुकला तर काढूनही घेता येतो.